मृगाआधीचे चार रविवार : जुन्या पिकअपची अंगणातली दुरुस्ती

माझ्या पिकअपचं वय मी पावसाळ्यांवर मोजतो. २००८ ची महिंद्रा, २५२३ सीसीचं डीआय इंजिन, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग. आठवड्यातून तीनदा भाजी भरून चोर्ला घाटातनं गोव्यात उतरायचं आणि मिळेल ते भाडं घेऊन वर यायचं, हा तिचा धंदा. अशीच गाडी जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात, सौंदत्ती-रामदुर्गाकडं असती तर तिची दुखणी वेगळी असती: धूळ, चोंदलेला एअर फिल्टर, उन्हानं तडकलेली रबरं. आमच्या खानापूर तालुक्यात, त्यातही जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी ओलीच असते. इतक्या वर्षांत झालेल्या मोडतोडीचा माग काढत गेलो तेव्हा बहुतेक वेळा शेवटी पाणी सापडलं. डिझेलमध्ये पाणी, ब्रेक ऑईलमध्ये पाणी, बेअरिंगमध्ये पाणी, वायरच्या जोडात पाणी. आणि जिथं पाणी लागतं त्या रेडिएटरात नको तसलं पाणी.

मृग ७ जूनच्या आसपास लागतो. त्याआधीचे मे महिन्यातले चार रविवार मी गाडीला देतो. लग्नसराईची भाडी सोडावी लागतात, त्यावरनं घरात बोलणीही खावी लागतात. पण ऐन आषाढात, भाजी भरलेली असताना घाटात उभं राहण्यापेक्षा ती बोलणी परवडली.

आधीच सांगतो, हे सगळं साध्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीसाठी आहे. कॉमन रेलची गाडी असेल तर डिझेलच्या भागात फक्त पाणी सोडायचं आणि फिल्टर बदलायचा. त्या इंजिनाच्या नळ्यांना पाना लावायचा नाही, तिथलं प्रेशर माणसाच्या कातडीत डिझेल घुसवण्याइतकं असतं.

चिरा बाजूला ठेवा

हत्यारं फार लागत नाहीत. १० पासून २४ पर्यंतचे रिंग पाने, गोटी पान्यांचा एक सेट, चाकाच्या नटांसाठी लांब दांडी, पक्कड, दोन पेचकस, वायर ब्रश, ग्रीस गन आणि स्वस्तातला मल्टिमीटर. पाने मात्र चांगले घ्या. हलका पाना नटाचे कोपरे गोल करून ठेवतो आणि मग अर्ध्या तासाच्या कामाला छिन्नी-हातोडा लागतो.

खरा खर्च करा तो दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उचललेल्या गाडीचा भार घेणाऱ्या स्टँडांवर. आमच्याकडं प्रत्येक घरामागं जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि गाडी जॅकवर चढवली की हात आपोआप चिऱ्याकडं जातो. मीही तेच करायचो. एकदा मागच्या एक्सलखाली दोन चिरे रचून खाली शिरलो होतो. पाना विसरला म्हणून बाहेर आलो, तोवर वरच्या चिऱ्याचा कोपरा भुगा होऊन गळाला आणि गाडी चार बोटं खाली बसली. जांभा भिंतीत भार घेतो, कारण तो सगळ्या अंगावर घेतो. एक्सलच्या टोकाखाली एका जागी दाब आला की तो चुरतो, आणि चुरण्याआधी आवाज करत नाही. त्या दिवसापासून नियम ठरला: सपाट जमीन, गाडी पहिल्या गिअरमध्ये, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड, जॅक फक्त उचलायला आणि भार घोडीवर. घोडीवर ठेवल्यावर गाडीला खांद्यानं एक जोराचा धक्का द्यायचा. हलायची असेल तर मी बाहेर असतानाच हलू दे.

पहिलं काम धुण्याचं. चॅसीच्या आतल्या बाजूला, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) कप्प्यात आणि डिझेल टाकीच्या वर गेल्या वर्षीचा लाल चिखल वीट होऊन बसलेला असतो. तो काढल्याशिवाय ना गळती दिसते, ना तडा. पाण्याचा जोर इंजिनच्या वायरिंगवर आणि अल्टरनेटरवर मारू नका. धुऊन एक दिवस उन्हात सोडली की तेल कुठनं झिरपतंय ते ताज्या डागावरून कळतं.

डिझेलमधलं पाणी

टाकीत पाणी दोन वाटांनी येतं. एक, झाकणाचं वॉशर कडक झालं की थेट. दुसरी वाट लक्षात येत नाही: अर्धी टाकी रिकामी ठेवून रात्रभर गाडी उभी केली की आतल्या हवेतली वाफ गार पत्र्यावर जमते आणि ओघळून खाली जाते. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळं ते तळाशी बसतं आणि पहिल्यांदा तेच ओढलं जातं. म्हणून पावसाळ्यात मी डिझेल सकाळी निघताना न भरता संध्याकाळी परतताना भरतो.

फिल्टरच्या खाली किंवा त्याच्या शेजारच्या सेपरेटरला एक छोटा नळ असतो. त्याखाली पारदर्शक बाटली धरा, नळ दोन आटे सैल करा, कपभर सोडा आणि बाटली पायरीवर दहा मिनिटं ठेवून द्या. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो, त्याच्यावर डिझेल, आणि दोन्हींच्या मध्ये कधीकधी काळपट शेवाळ्यासारखा पडदा. तो पडदा दिसला तर नुसतं पाणी सोडून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. पावसात हे काम आठवड्याला, इतर वेळी महिन्याला.

फिल्टर दरवर्षी मेमध्ये बदला, किलोमीटर झालेले असोत वा नसोत. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं डिझेल चोळा आणि बसवा. आता लाईनमध्ये हवा शिरलेली असते, ती काढायची. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू एक-दोन आटे सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग फुटक्या बुडबुड्यांचं डिझेल, मग अखंड धार. धार आली की हातपंप चालू ठेवूनच स्क्रू आवळा. तेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला. तरीही इंजिन घेत नसेल तर दोन इंजेक्टरांच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा, नटाजवळ डिझेल थुंकायला लागलं की आवळा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा. इंजिन चालू असताना त्या नळ्यांजवळ हात न्यायचा नाही.

एक वर्ष चढाला गाडी दम टाकायची, सपाटीवर ठीक. एका गॅरेजात पंप खोलायला सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून घरी परत आलो आणि टाकीकडून येणारी रबरी नळी हातानं वाकवून बघितली. वाकवल्यावर केसाएवढा तडा उघडा पडला. ही ओढीची बाजू आहे. इथं भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळं खाली एक थेंबही दिसत नाही आणि संशय पंपावर जातो. तपासायचं असेल तर फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक डिझेल नळी जोडा आणि इंजिन चालू ठेवून बघा. बुडबुडे पळताना दिसले तर चोर मागं, टाकीच्या बाजूला आहे.

ब्रेकला दुसरा रविवार पूर्ण

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. नवीन डॉट-४ दर्जाचं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर घसरू शकते. डॉट-३ ची २०५ वरून १४० वर. सपाटीच्या रस्त्यावर हा फरक कधी कळणार नाही. चोर्ल्याच्या उतारावर माल भरलेला, प्रत्येक वळणाला पाय ब्रेकवर, पुढच्या डिस्क तापलेल्या, अशा वेळी आतलं ऑईल उकळतं. वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. पाय खाली जातो आणि गाडी जातच राहते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल पूर्ण बदलायचं. सीलबंद डबाच फोडायचा, गेल्या वर्षीचा उरलेला अर्धा डबा वापरायचा नाही.

आधी मागचे ड्रम उघडू. हँडब्रेक सोडा, ॲडजस्टर मागं फिरवा, नाहीतर झिजलेल्या ड्रमच्या कडेला शू अडकतात. ड्रम गंजून धरला असेल तर हातोड्यानं कडा फोडू नका. बहुतेक ड्रमांवर आट्यांची दोन भोकं दिलेली असतात, त्यात दोन बोल्ट घालून एकेक फेरा आवळत गेलं की ड्रम स्वतःहून पुढं सरकतो. आतली धूळ तोंडानं किंवा हवेनं उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. नाकाला फडकं बांधा, साबणाच्या पाण्यानं ओलं करून पुसा.

आता व्हील सिलिंडरच्या, म्हणजे शू ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या, दोन्ही टोकांची रबरी टोपी पेचकसाच्या टोकानं हळूच उचला. आत कोरडं असेल तर छान. ओलसर चकाकी दिसली तर वॉशर गेलेत, आज ना उद्या ऑईल लायनिंगवर उतरणार. लायनिंग रिव्हेटचं असेल तर रिव्हेटच्या डोक्यापासून मिलिमीटरभर उरलं की बदला, आणि दोन्ही बाजूंचं एकदम बदला. एकाच बाजूचं नवीन घातलं की गाडी ब्रेकला एका अंगाला ओढते. ड्रममध्ये नखाला लागतील अशा चरा असतील तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर फिरवून मिळतो. किती व्यासापर्यंत फिरवायचा तो आकडा बहुधा ड्रमवरच ओतलेला असतो. त्यापुढं गेला तर नवा ड्रम. ब्रेकमधल्या रबराच्या कुठल्याही भागाला डिझेल-पेट्रोल लावायचं नाही, ते फुगतं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. आमच्याकडं पेडलवर मंडळी बसतात. पहिल्या वर्षी त्यांनी मी सांगायच्या आधी पाय सोडला आणि सगळी हवा परत आत गेली, तेव्हापासून शब्द ठरलेत. मी "दाब" म्हणतो, त्या दाबून "दाबलाय" म्हणतात, मी चाकामागचा हवा सोडायचा निपल अर्धा आटा उघडतो, पेडल तळाला जातं, मी निपल आवळतो आणि मगच "सोड" म्हणतो. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवायचं. सुरुवात पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मास्टर सिलिंडरवरचा ऑईलचा डबा कधीही अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही. चहाच्या रंगाचं जुनं ऑईल जाऊन नळीत नव्याचा फिकट रंग दिसला की त्या चाकाचं काम झालं. सांडलेलं ऑईल रंग खातं, लगेच पाण्यानं धुवा.

इथं एक गोष्ट बऱ्याच मिस्त्र्यांकडूनही सुटते. पुष्कळ पिकअपना मागच्या एक्सलजवळ भारावर चालणारा व्हॉल्व्ह असतो, चॅसीवर बसवलेला आणि एका दांडीनं एक्सलला जोडलेला. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडी हलते आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी चॅसीखाली जॅक लावून उचलली की एक्सल लोंबकळतो, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचं ऑईल अडवतो. मग तासभर पेडल मारलं तरी मागची हवा निघत नाही. हवा काढताना भार एक्सलवरच हवा.

आणि आता आपल्या सगळ्यांचं पाप. आमच्या भागात पिकअप घेतली की पहिल्या महिन्यात मागं जादा पाटा पडतो. उसाची कांडी, बटाट्याची पोती, वाळू, काही भरा, गाडी बसता कामा नये. पण गाडी बसलीच नाही तर त्या व्हॉल्व्हला भार कळणार कसा? दीड टन माल मागं असतानाही तो रिकाम्या गाडीइतकाच ब्रेक देतो आणि सगळा ताप पुढच्या चाकांवर येतो. माझ्या गाडीला आधीच्या मालकानं टाकलेला पाटा मी काढला. तुम्हाला काढायचा नसेल तर निदान दांडीचं सेटिंग जाणकाराकडून नव्या उंचीप्रमाणं करून घ्या.

शेवटी बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, कडक होईल. पाय दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर ठीक. सरकलं नाही तर अल्टरनेटरच्या मागच्या व्हॅक्यूम पंपापासून येणारी जाड नळी आधी बघा, दहातल्या पाच वेळा तिचीच क्लिप सैल असते.

पुढची बेअरिंगं

चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खटखट वाटली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर बेअरिंग, तरीही राहिली तर खालचे-वरचे जोड किंवा पिना.

ग्रीस बदलायचं तर कॅलिपर सोडून तारेनं वर टांगा, रबरी ब्रेक पाईपवर लोंबकळू देऊ नका. टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर, मग बाहेरचं बेअरिंग. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, ओढला की आतलं बेअरिंग आणि सील मागं येतं. सगळं डिझेलमध्ये धुवा, पुसून वाळवा. कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगर फिरवण्याचा मोह होतो, तो टाळा. कोरडं बेअरिंग तसं फिरलं तर खराब होतं आणि एखादा रोलर उडाला तर डोळा जातो. उजेडात रोलर बघा: निळसर झाक म्हणजे तापलंय, बारीक खड्डे म्हणजे पाणी शिरून गंजलंय. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर बेअरिंग आणि त्याचा कप, दोन्ही बदला.

डाव्या तळहातावर लिंबाएवढं व्हील बेअरिंगचं ग्रीस घ्या. बेअरिंगची रुंद कड त्यात दाबून ओढत राहा, दुसऱ्या बाजूनं रोलरांच्या फटीतून ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. असा पूर्ण वेढा. नुसतं वरून लिंपलेलं ग्रीस पहिल्या घाटात बाजूला फेकलं जातं. सील दरवेळी नवीन घाला. पावसाळ्यात पाण्याला अडवणारा तोच एक दरवाजा आहे.

आवळताना हब हातानं फिरवत ठेवून नट चांगला घट्ट करा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सैल करून फक्त बोटांच्या जोरानं पुन्हा लावा आणि जवळच्या खाचेत नवी स्प्लिट पिन घाला. चाक मोकळं फिरलं पाहिजे, डुगडुगायला नको. जास्त घट्ट केलेलं बेअरिंग सैल बेअरिंगपेक्षा लवकर जळतं.

खाली शिरलाच आहात तर

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना, म्हणजे मागं जोर नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यांना, ग्रीस देताना चारही टोकांतून जुनं, तांबूस ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन मारा. एका टोकातून येत नसेल तर तिथलं सुई-बेअरिंग कोरडं आहे. गिअर टाकताना खालनं "टण्" असा आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा क्रॉसच असतो. पाट्यांच्या पिनांना ग्रीस, पाटे मधोमध धरणाऱ्या सेंटर बोल्टवर नजर. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल पाट्यावर सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू-क्लॅम्पचे नट माल भरलेल्या अवस्थेत आवळावेत.

मागच्या डिफचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअर डब्याचं (डिफरेन्शियलचं), ऑईल आम्हा ओढ्यातनं जाणाऱ्यांनी दरवर्षी बघायलाच हवं. घाट चढून डिफ तापलेला असतो आणि पुढं रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घातली की तो एकदम गार होतो. आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. भरायचा बूच आधी सोडा, मगच खालचा. उलटं केलं आणि वरचा बूच निघालाच नाही तर ऑईल जमिनीवर आणि गाडी अंगणात. हे मी स्वतः केलेलं आहे. करंगळी घालून ऑईल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, बदला. ब्रीदरची टोपी चिखलानं बुजलेली असते, ती तारेनं मोकळी करा.

इंजिन ऑईलबद्दल फार लिहीत नाही, ते सगळे वेळेवर बदलतात. गरम असताना सोडा, फिल्टरच्या रबराला ऑईल चोळून हातानंच आवळा. भरायच्या टोपीखाली साय जमलेली दिसली आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा.

आधी अर्थ बघा

बेळगावात मी ज्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडं जायचो, त्याचं एकच पालुपद होतं: "मोदलु अर्थ नोड्री." काहीही बिघडू दे, पहिल्यांदा अर्थ, म्हणजे पत्र्यावाटे करंट बॅटरीकडं परतायची जोडणी, बघा. मी एकदा ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो म्हणून नवा स्विच घेऊन गेलो. त्यानं स्विच खिशात परत घालायला लावला, मागच्या दिव्याचा एक स्क्रू काढला, खालचा पत्रा चाकूनं खरवडला आणि स्क्रू परत लावला. दिवे सरळ झाले. दिव्याला परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढतो, म्हणून ते भूत दिसतं.

कामाची पद्धत साधी आहे. बॅटरीची काळी, म्हणजे अर्थची, वायर आधी काढा आणि शेवटी जोडा. लाल आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी पडते. बॅटरी ते चॅसी, चॅसी ते इंजिन आणि मागच्या दिव्यांचे अर्थ, सगळे सोडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. जेली आधी लावून मग आवळू नका.

मग मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. स्टार्टर रेंगाळत असेल तर एक कांडी बॅटरीच्या काळ्या टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॅटरी बदलायला जाऊ नका, अर्थची पट्टी बदला.

रेडिएटरचं पाणी आणि हौद्याचा पत्रा

बोअरचं पाणी रेडिएटरात घालू नका. घरातल्या बंबाला आतनं जो पांढरा थर चढतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, आणि झाकणाचं रबर-स्प्रिंग तपासून. झाकण सैल असलं की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं. गरम असताना झाकण उघडायचं नाही, एवढं तरी कुणी सांगायला नको.

हौदा चौथ्या रविवारी. कोबीची पानं, युरियाच्या पोत्यातली सांड, मिठासारखे खतांचे खडे, हे सगळं फाळक्याच्या फटीत आणि तळाच्या पत्र्याच्या जोडात ओलं होऊन बसतं आणि पत्रा खातं. तळावर रबरी चटई टाकली की पत्रा वाचला असं वाटतं, प्रत्यक्षात चटईखाली पाणी आठ-आठ दिवस वाळत नाही. चटई काढा, पाणी जायची भोकं खिळ्यानं मोकळी करा. गंजाच्या जागी पेचकसाचं टोक दाबून बघा. आत गेलं तर तो पत्रा कापून नवा लावायचा, नाही गेलं तर वायर ब्रशनं लोखंड दिसेपर्यंत घासा, त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा हात द्या, वाळल्यावर दुसरा, मग ऑईल पेंट. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं तर दवानं सकाळी पुन्हा तांबूस होतं.

चॅसीला जळकं ऑईल फासायची पद्धत आमच्याकडं आहे. शेजारचे मामा दरवर्षी डबा घेऊन येतात, "काय करूलालास? फास की हे!" म्हणतात. मी फासत नाही. पाट्यांची रबरी बुशं आणि ब्रेकचे रबरी पाईप ते खातं, आणि पहिल्या पावसात निम्मं ऑईल ओघळून शेतात जातं.

चारही बाजूंची परावर्तक पट्टी बघून घ्या: पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो आणि तिथं पट्टी, दिवे, हँडब्रेक आधी बघतात. इंजेक्शन पंप, स्टिअरिंग बॉक्स, चॅसीचं वेल्डिंग आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या मी स्वतः करत नाही, त्या कामांना बेळगाव आहेच.

सगळं झालं की पहिली फेरी रिकाम्या गाडीची, गावातल्या गावात, ब्रेक सोडून-धरून. दुसरी निम्म्या मालावर. शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी पुन्हा आवळायचे, यू-क्लॅम्पही. घाटात पहिल्यांदा उतरायच्या दिवशी मी जांबोटीला चहाला थांबतो. चहा येईपर्यंत चारही हबना हाताची मागची बाजू लावून बघतो. एखादं बाकीच्या तिघांपेक्षा गरम लागलं तर त्या दिवशी चोर्ल्यात गाडी घालत नाही. माल दुसऱ्याच्या गाडीत चढवतो आणि तिथनंच माघारी फिरतो.